स्वतःच्या हातानं

आमच्या गल्लीत तुकाईचा दिवा लागल्याशिवाय कोणी लाइटचं बटण दाबत नाही. हसू नका. बेंगळुरातल्या कॉटनपेटच्या मागची ही गल्ली, दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं एवढी. बाहेर मोठ्या रस्त्यावर सगळा झगमगाट झालेला असतो, आणि आम्ही आपले दिवेलागणीला अंधारात गप बसलेले. देवळात दिवा लागतो, घंटा वाजते, मग एकेका घरात उजेड होतो. नवीन भाडेकरूंना चार दिवस चमत्कारिक वाटतं. पाचव्या दिवशी त्यांचाही हात बटणापाशी थांबायला लागतो.

माझी पिठाची गिरणी देवळाच्या बरोबर समोर आहे. मी धनलक्ष्मी, गल्लीसाठी लक्ष्मी नाहीतर लक्ष्मक्का. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते. तोंड चालतं म्हणून गिरणी चालते असं लोक म्हणतात, म्हणू देत बापडे. रागी, म्हणजे नाचणी, दळायला येणाऱ्या प्रत्येकाच्या घरात काय शिजतंय ते मला ठाऊक असतं. पण आज सांगायचंय ते प्रतापअण्णांचं, आणि ते सांगताना माझा राग अधूनमधून वर येईल. येऊ दे. तो खरा आहे.

प्रतापराव म्हणजे आमच्या समाजाचे कितीतरी वर्षांचे सेक्रेटरी. आमचे वाडवडील घोड्यांबरोबर इकडं आले आणि इथंच राहिले, असं म्हातारी माणसं सांगायची. घरात मराठी, दारात कन्नड, असं आमचं सगळं. समाजाच्या मालकीचं काय, तर हे तुकाईचं देऊळ, मागचा लग्नाचा हॉल आणि देवळाला चिकटून एक खोली. अण्णा सरकारी कारखान्यात हिशेबखात्यात होते. रिटायर झाले तरी पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खिशातलं पेन काही रिटायर झालं नाही. संध्याकाळी गच्चीवर बी.कॉम.च्या पोरांची शिकवणी घ्यायचे, फुकट. चहासुद्धा घ्यायचे नाहीत कोणाच्या घरचा.

प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते तीन नियम सांगायचे. त्यांना ते सोन्याचे नियम म्हणायचे. गिरणी बंद असली की गच्चीवरचा शब्दन् शब्द खाली यायचा, त्यामुळं दहावी नापास असूनही मला ते पाठ झाले. पहिला हिशेबाचा: जे आत येतं ते नावे मांडायचं, जे बाहेर जातं ते जमा. दुसरा कायद्याचा: लिहिलेल्या शब्दाचा सरळ अर्थ घ्यायचा, आणि सरळ अर्थानं वेडेपणा होत असेल तरच थोडं वाकायचं. तिसरा माणसाचा: आपल्याशी कोणी जसं वागलेलं चालेल, तसंच आपण दुसऱ्याशी वागायचं. पहिल्या नियमाशी ते जरा जास्त वेळ थांबायचे. घरात आलेली कुठलीही वस्तू आधी तुमच्या नावावर चढते, फुकट काही आत येत नाही, हे लक्षात ठेवा म्हणायचे. त्यांची बायको रत्नाबाई खाली भाजी निवडत म्हणायची, यांचे नियम सोन्याचे आहेत गं लक्ष्मी, म्हणून तर चावता येत नाहीत.

आणि माणूस ढोंगी नव्हता, हे मी मान्य करते. रणजीतचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हॉलसाठी अर्ज एक दिवस उशिरा आला. सेक्रेटरी कोण? स्वतः बाप. दुसऱ्या कोणाचा अर्ज नव्हता, हॉल रिकामा होता. तरी अण्णांनी अर्ज परत केला. रणजीतचं लग्न शेवटी येलहंक्याला कुठल्याशा पत्र्याच्या मंडपात लागलं आणि समाजाचा हॉल त्या दिवशी कुलूप लावून बसला. रत्नाबाई पुढं कित्येक दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिच्या आजारपणात समाजानं औषधाला मदत देऊ केली, तीही अण्णांनी घेतली नाही. सेक्रेटरीच्या घरी समाजाची मदत शोभत नाही म्हणाले. ती गेली. त्यानंतर अण्णांशी वाद घालायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. जो स्वतःला सोडत नाही त्याला काय बोलणार तुम्ही?

आता खोलीचं सांगते. देवळाच्या भिंतीत एक शिळा आहे, समाजाला जागा देणाऱ्या म्हाताऱ्यानं बसवलेली. येताजाता सगळ्यांनी वाचलेली. तिच्यावर लिहिलंय की जो कोणी निराधार या खोलीत राहील त्यानं रोज सांजेला तुकाईपुढं स्वतःच्या हातानं दिवा लावावा, आणि ज्या सांजेला लावणार नाही त्या सांजेपासून खोली पंचांची. एवढंच. आधीच्या पंचांनी कधी ते मनावर घेतलं नव्हतं. खोलीतली बाई तापानं पडली तर शेजारीण लावायची. दिवा लागला ना? झालं.

त्या खोलीत सकवारबाई राहायच्या, आमच्या सकवारअक्का. नवरा बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, तो गेला, मूलबाळ नाही. लग्नाच्या हॉलमध्ये होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटायला अक्का, पुऱ्या तळायला अक्का, रडणाऱ्या नवरीला पाणी पाजायलाही अक्काच. दिवा लावताना तुकाईशी बोलायच्या, शेजारणीशी बोलावं तशा. आज वांगी महाग होती, आज गुडघा धरलाय. मी समोरून ऐकायची आणि हसायची. त्या वाकल्या की मी पट्टा बंद करायची, घंटा वाजली की माझं बटण दाबायची. इतकी वर्षं हेच.

काही वर्षांपूर्वी, नुकतीच संक्रांत झाली होती, तो सोमवार. अक्का तेलाची बुधली घेऊन पायरी चढताना घसरल्या. उजवं मनगट कसं वाकडं झालं होतं ते मी सांगत नाही. रिक्षात घातलं तर कण्हण्याऐवजी मलाच म्हणतात, दिवा लाव गं लक्ष्मी, गल्ली अंधारात राहील. मी लावला. घंटाही मीच वाजवली.

त्या दिवशी उजेड व्हायला उशीर झाला म्हणून अण्णा काठी टेकत खाली आले. देवळाच्या दारात उभं राहून शांतपणे विचारलं, "लक्ष्मी, दिवा कोणी लावला?" मी म्हटलं, "मी लावला." छाती काढून म्हटलं. अक्काच्या शब्दाला जागले होते ना मी! अण्णांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की माझ्या त्या दोन शब्दांवर समाजाची मीटिंग बोलावलीय.

हॉलला जनरेटर ठेवायला जागा हवी होती, हे खरं. खोली मिळाली तर हॉलचं भाडं वाढेल, हेही सगळ्यांना कळत होतं. पण अण्णांच्या मनात ते नव्हतं, मी तुकाईची शपथ घेऊन सांगते. त्यांच्या मनात फक्त शिळा होती. तेच तर भयंकर. लोभी माणसाला लाजवता तरी येतं.

मीटिंग देवळाच्या आवारातच झाली. अक्का हाताला प्लास्टर बांधून पायरीवर बसल्या होत्या. यशोवर्धन उठला. हा अण्णांचाच विद्यार्थी, तेव्हा नुकताच सी.ए. झालेला, गुळगुळीत दाढी आणि बोलणं त्याहून गुळगुळीत. त्यानं अदबीनं विचारलं, सर, कायद्याच्या नियमाचा दुसरा अर्धा राहिला की. सरळ अर्थानं वेडेपणा होत असेल तर वाकायचं, असं तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, सुटलो. पोरगं शहाणं निघालं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि उत्तर दिलं.

"दुसरा अर्धा न्यायाधीशासाठी असतो, यशोवर्धन. आपण सेक्रेटरी आहोत. आपल्यासाठी पहिलाच."

यशोवर्धन बसला. त्यानं ते वाक्य नीट ठेवून दिलं, हे मला फार उशिरा कळलं.

मग अक्का उठल्या. डाव्या हातानं काडी ओढली, दोनदा विझली, तिसऱ्यांदा दिवा लावला, आणि म्हणाल्या की बघा अण्णा, लागतोय की. अण्णांनी त्यांना हात जोडले. खरंच जोडले, मी पाहिलंय.

"तो सोमवार गेला, अक्का," ते म्हणाले. "मी तुमच्याशी तसंच वागतोय जसं माझ्याशी कोणी वागलेलं मला चालेल. मी तुमच्या जागी असतो तर कोणाला सांगायची वेळच येऊ दिली नसती. आपण होऊन उठलो असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बरंच काही बोलले, इथं लिहिण्यासारखं नाही. कोणी ऐकलं नाही. तुझ्याच तोंडानं सांगितलंस ना, असं एकजण मला म्हणाला. खरं बोलले, आणि माझ्याच खऱ्याचा खिळा करून त्यांनी अक्काच्या दाराला ठोकला. एरवी माझ्याकडून उधारीवर पीठ नेणारी माणसं मान खाली घालून घरी गेली.

अक्काची एक भाची आनेकलला राहते, कारखान्यात शिलाईच्या कामाला. ती न्यायला आली. गल्लीला वाटलं अक्का शाप देणार. बायका दारात उभ्या होत्या, मुलांना आत घेतलं होतं. अक्कांनी कोणाला काही म्हटलं नाही. रिक्षात बसताना अण्णांकडं बघून एवढंच बोलल्या, आणि ते सहज, मायेनं बोलल्या: "हात सांभाळा हं, अण्णा. पायरी गुळगुळीत झालीय."

शाप दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं.

आनेकलला भाचीचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली, दोघी-तिघी पाळ्या लावून झोपणाऱ्या. मी एकदा बसनं जाऊन आले, रागीचं पीठ घेऊन. अक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. संध्याकाळ झाली तशी उठायला लागल्या, मग कुठं आहोत ते लक्षात आलं आणि बसल्या. मला तिथं थांबवेना. आषाढ संपता संपता भाचीचा फोन आला. अण्णांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, फार चांगली बाई होती. आणि पेनाचं टोपण लावत बसले.

इकडं देवळात दिवा पुजारी लावायला लागला. खोलीत जनरेटर आला. बाकी काही बदललं नाही, फक्त घंटा वाजल्यावर बटण दाबायला मला जड जायचं.

अण्णांचं स्वतःचं घर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दोन मजली. रणजीतनं इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घ्यायचं काढलं आणि बापाला म्हणाला घर माझ्या नावावर करा. करायला हरकत नव्हती. पण लिहिणाऱ्या वकिलानं विचारलं की मरेपर्यंत राहण्याचा हक्क ठेवू का कागदात. अण्णांनी नको म्हटलं. मुलाला अट घालणं त्यांना अपमानाचं वाटलं. माझ्या बापानं मला अट घातलेली मला चालली नसती, म्हणाले. बघा, पुन्हा तोच तिसरा नियम! जगातल्या प्रत्येक माणसाच्या अंगात आपलाच इस्त्रीचा शर्ट बसतो अशी त्यांची समजूत.

रणजीतनं घर विकलं आणि बापाला घेऊन गेला. वाईट मुलगा नाही तो. पण सोळाव्या मजल्यावर अण्णांचं जमेना. सुनेनं, हर्षितानं, दूधवाल्याला थांबायला सांगितलं तर अण्णा त्याला वेळेवरून बोलायचे. सोसायटीच्या नोटिशीतल्या चुका लाल पेनानं काढून परत लावायचे. नातीला, अक्षराला, अर्धा तास उशीर झाला म्हणून जेवायला वाढू दिलं नाही, तेव्हा हर्षिता पहिल्यांदा ओरडली. रणजीत म्हणाला, बाबा, हे घर आमच्या नियमांनी चालेल. त्यात चूक काय? घर ज्याचं त्याचे नियम. अण्णा रात्रभर खुर्चीत बसून राहिले आणि सकाळी पेटी घेऊन निघाले. दिलेल्या घरावर आपला काही हक्क उरतो का, ते विचारायला एका ओळखीच्या वकिलाकडं गेले. त्यानं कागद वाचून विचारलं, अट कुठं लिहिलीय? लिहिलेली नाही म्हटल्यावर त्यानं कागद परत दिला.

यंदा उगादी, म्हणजे पाडवा, झाल्यावर एका दुपारी ते पेटी घेऊन देवळाच्या शिळेपुढं उभे राहिलेले मला दिसले. शिळा वाचत होते, जणू पहिल्यांदाच. सेक्रेटरी आता यशोवर्धन होता. त्यानं सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शिळेवर लिहिलंय जो कोणी निराधार म्हणून खोली देणं भागच आहे असं सांगितलं. जनरेटर हलवला, चुना मारून दिला. जाताना अगदी मऊपणे म्हणाला की सर, अट तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हापासून अण्णा सकवारअक्काच्या खोलीत राहतात. अक्कानं खिळ्याला टांगलेली पिशवी जनरेटर आला-गेला, चुना लागला, तरी तशीच होती, तिच्यात त्यांनी आपली औषधं ठेवली. पहिले काही दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण गिरणीसमोर माणूस सकाळ-संध्याकाळ दिसतो, किती दिवस भिंतीकडं बघणार? एकदा अर्धा किलो पीठ न्यायला आले. डबा माझ्या हातात देताना झाकण आपोआप वाजत होतं. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. त्यांनी हात खिशात घातला.

कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. गोळीनं सकाळी बरं असतं, सांजेला वाढतं. नेमकं सांजेला!

मग दिवा लावणं म्हणजे काय असतं ते गल्लीनं बघितलं. अण्णा दुपारी चारलाच गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. काड्या मोजून समोर ठेवायचे. एका हातानं दुसऱ्याचं मनगट दाबून धरायचे. गल्लीत अंधार उतरायचा आणि घराघरात माणसं बटणापाशी उभी राहायची, श्वास रोखून. एक काडी मोडायची. दुसरी विझायची. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मग ज्योत दिसायची, घंटा वाजायची, आणि सगळीकडून एकदम उजेड. कोणीतरी गमतीनं म्हणालं की सकवारअक्का आत बसून फुंकर घालतेय. कोणी हसलं नाही. मुलं संध्याकाळी देवळापुढून जायची बंद झाली.

आणि यशोवर्धन येऊ लागला. रोज नाही, पण येऊ लागला. हॉलच्या कोपऱ्यावर फिल्टर कॉफीचं दुकान काढायला एक पार्टी तयार होती, तिला रस्त्याकडं तोंड असलेली एक खोली हवी होती. हॉलच्या बाजूला अण्णांच्या खोलीशिवाय दुसरी खोली नाही. तो चप्पल ठेवायच्या फळीशी उभा राहायचा, हात मागं बांधून. कसं आहे सर, गोळ्या घेता ना सर. घाई नाही, आवाज चढलेला नाही. मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं ना, डोळे मिटून, तसं. एकदा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं की अरे, तुझे गुरू आहेत, स्वल्प बघून न बघितल्यासारखं कर. तो हसला.

"लक्ष्मक्का, मला वाकायला आवडेल," तो म्हणाला. "पण दुसरा अर्धा न्यायाधीशासाठी असतो. सरांनीच सांगितलंय."

हे गेल्या महिन्यातलं. आता गेल्या आठवड्यातलं सांगते आणि थांबते.

दिवसभर झिमझिम लागली होती. सगळं ओलसर, पिठाचा गोळा होत होता. अण्णा उंबऱ्यावर बसले. काड्या सादळलेल्या. मी पट्टा बंद करून दारात उभी होते. अंधार झाला. काडी ओढल्याचा आवाज यायचा, ज्योत नाही. पुन्हा आवाज. मग काडीपेटीच खाली पडली आणि काड्या ओल्या पायरीवर सांडल्या. अण्णा गुडघ्यावर येऊन चाचपायला लागले. बोटांत एकही येईना. बाहेर मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांचा उजेड गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबला होता आणि आमची सगळी गल्ली काळीकुट्ट. कुठंतरी एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कोणी बटण दाबू देईना.

मी रस्ता ओलांडला. माझ्या गिरणीतली पेटी घेतली होती. काडी पेटवून त्यांच्या हातात द्यायला गेले. ती त्यांच्या बोटांतून निसटून त्यांच्याच धोतरावर पडली, मी चापट मारून विझवली. दुसरी दिली, तीही पडली. अण्णांचा श्वास नाकानं जोरात चालला होता. मग मी तिसरी ओढली आणि वात पेटवली. माझ्या हातानं. घंटा वाजवली. गल्लीत उजेड झाला.

उजेड झाला तेव्हा दिसलं, यशोवर्धन चपलांच्या फळीशी उभा आहे. केव्हा आला होता, काय पाहिलं, तुकाईला ठाऊक. छत्री मिटून त्यानं नीट टेकवून ठेवली. माझ्याकडं वळला.

"लक्ष्मक्का, दिवा कोणी लावला?"

तेच शब्द. त्याच जागी. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि या माणसासाठी तर मुळीच नाही. डोळ्यांपुढं अक्काचं वाकडं मनगट आलं. माझा ओठ हललाही असेल.

"मी लावला," अण्णा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता. लहान झालेला. ते उंबऱ्यावर बसले होते, धोतराला काडीचं भोक पडलेलं, आणि माझ्याकडं बघत होते. आपण होऊन उठलो असतो म्हणणारा माणूस. दोन्ही हातांनी उंबरा घट्ट धरून बसला होता.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच लावला."

दया आली म्हणून म्हटलं असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला संताप आला होता. एकदा माझं खरं यांच्या हातात दिलं होतं, त्याचं काय केलं ते मी बघितलं. पुन्हा देणार नाही, या पोरट्याला तर नाहीच. पण मनात हेही आलं, आणि तेव्हापासून जात नाही, की हे एवढंसं खोटं त्या सोमवारी कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते ऐकून घ्यायला अण्णांनी असं बसायला हवं होतं.

यशोवर्धननं दिव्याकडं बघितलं. मग पायरीवरच्या ओल्या काड्यांकडं. मग अण्णांच्या हातांकडं, बराच वेळ. छत्री उघडली.

"सरी, ठीक आहे सर," तो म्हणाला. "उद्या येतो."

तो गेला. मी काड्या गोळा करायला लागले. अण्णा तसेच बसून होते. मला वाटलं आभार मानतील, मग मी चार शब्द सुनावीन, तयारच होते. त्यांनी आभार मानले नाहीत. दिव्याकडं तोंड ठेवून विचारलं,

"इथून गेल्यावर सकवारअक्का किती दिवस काढू शकली गं, लक्ष्मी?"

"श्रावण नाही बघितला तिनं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, हिशेब पटला की हलवायचे तशी. मग थरथरता हात माझ्यापुढं केला आणि विचारलं की तुझ्याकडची ती कोरडी पेटी उद्यासाठी ठेवून जातेस का.